खालिद जमील : घर गळायला लागल्यावर आठवलेला कोच

राजेहो, 18 नोव्हेंबर 2025 ला ढाक्यात भारताचा फुटबॉल संघ बांगलादेशाकडून 0-1 असा हरला. बांगलादेशानं आपल्याला हरवलं ते 22 वर्षांनी. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या परतवाड्याच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, जिथं एरवी संत्र्याचे भाव, चिखलदऱ्याच्या रस्त्यावरचे खड्डे आणि कोणाच्या तरी नातवाचा वाढदिवस याखेरीज काही येत नाही, तिथंही एकानं टाकलं : "देशी कोचच्या बसची बात नाई बे, बाहेरचा आना." त्याखाली सात-आठ अंगठे.

ज्या कोचबद्दल हे चाललं होतं त्याचं नाव खालिद जमील. मुंबईचा माणूस. आधी खेळाडू, मग कोच. भारताच्या पुरुष संघाचा मुख्य कोच म्हणून त्याची नेमणूक 1 ऑगस्ट 2025 ला झाली. म्हणजे ढाक्याच्या सामन्यापर्यंत त्याला साडेतीन महिने मिळाले होते. एवढ्या दिवसांत तर आपल्याकडं नवीन आलेल्या तहसीलदाराला तालुक्यातली गावंही पाठ होत नाहीत.

मला या माणसाच्या कारकिर्दीबद्दल जरा सविस्तर लिहायचं आहे. फुटबॉल हा काही आपल्या वऱ्हाडचा मुख्य खेळ नाही, हे मला माहीत आहे. आपल्याकडं कबड्डी, कुस्ती, आता घरोघर क्रिकेट. पण "शिकवणारा कसा तयार होतो आणि त्याच्याशी आपण कसं वागतो" हा प्रश्न मात्र आपल्या घरचा आहे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं 1914 पासून हेच काम केलं : नुसते खेळाडू नाही, तर खेळ शिकवणारी माणसं घडवायची. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथं जाऊन आपले देशी खेळ करून दाखवणारी पोरंही याच मंडळाची. वऱ्हाडातल्या कितीतरी शाळांचे पीटीचे सर तिथून शिकून आलेले. तेव्हा शिकवणाऱ्याची किंमत काय, हे बोलायचा हक्क अमरावती जिल्ह्याला नाही तर कोणाला आहे?

पहिलं हे पाहू, की "बाहेरचा आना" हे वाक्य येतं कुठून.

1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये आपण युगोस्लाव्हियाकडून 10-1 असे हरलो. आपले बरेच खेळाडू अनवाणी खेळले होते. त्या निकालाची लाज देशाला पुष्कळ दिवस पुरली. पण गोष्ट तिथं संपत नाही. चारच वर्षांनी, 1956 ला मेलबर्न ऑलिंपिकच्या उपांत्य सामन्यात समोर पुन्हा तोच युगोस्लाव्हिया आला. या वेळी पहिला गोल आपण केला, मुंबईच्या नेव्हिल डिसूझानं. त्याच डिसूझानं आधीच्या सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक केली होती. शेवटी आपण 4-1 नं हरलो आणि स्पर्धेत चौथे आलो, पण 10-1 ते 4-1, तेही आधी आघाडी घेऊन, हे अंतर चार वर्षांत कापलं गेलं होतं.

ते कापणारा माणूस होता हैदराबादचा सय्यद अब्दुल रहीम. पेशानं शाळामास्तर! रहीम साहेबांनी 1950 पासून संघ हातात घेतला, 1951 ला दिल्लीच्या आशियाई खेळांत सुवर्ण मिळवून दिलं आणि 1962 ला जकार्त्यात दक्षिण कोरियाला 2-1 हरवून दुसरं. 1963 ला ते गेले. आशियाई खेळांतलं फुटबॉलचं सुवर्ण त्यानंतर आपल्याला आजपर्यंत मिळालेलं नाही. मागं त्यांच्यावर हिंदी सिनेमा आला तेव्हा कुठं लोकांना नाव कळलं.

म्हणजे भारतीय फुटबॉलचा सगळ्यात चांगला काळ हा एका देशी मास्तराचा काळ आहे. हे वाक्य मी मुद्दाम साधं लिहितो, कारण ढाक्याच्या नंतर ते कोणालाच आठवलं नाही.

पुढं काय झालं तर जिथून मार खाल्ला तिकडूनच आपण गुरुजी आणला. 1984 साली भारतीय संघावर कोच म्हणून आला मिलोव्हान चिरिच. हा सर्बियाचा, म्हणजे तेव्हाच्या युगोस्लाव्हियाचा. स्वतः बचावफळीत खेळलेला, मग कोच झालेला, बेलग्रेडच्या रेड स्टारसारख्या नावाजलेल्या क्लबला शिकवून आलेला. त्याच्या हाताखाली आपण त्याच वर्षी कोलकात्यात पात्रता फेरी पार करून आशिया कपला पोचलो, तेही 1964 नंतर पहिल्यांदाच. सिंगापूरला मुख्य स्पर्धेत मात्र एकही गोल झाला नाही. इराणशी 0-0 बरोबरी, बाकी तिन्ही सामने हरलो. तरी त्याच्या हाताखाली खेळलेले लोक आजही त्याचं नाव आदरानं घेतात. माझंही त्याच्याबद्दल काही वाकडं म्हणणं नाही. चिरिच चांगला कोच होता आणि बाहेरून आलेला माणूस चांगलं शिकवू शकतो, याबद्दल वाद असायचं कारण नाही.

वाद आहे तो वेगळ्याच गोष्टीवर. बाहेरून येणाऱ्याला आपण काय देतो आणि घरच्याला काय देतो? त्यासाठीच खालिदची कारकीर्द नीट पाहावी लागते.

खालिदचा जन्म 21 एप्रिल 1977 चा, कुवेतचा. आईबाप भारतीय, पोटापाण्यासाठी तिकडं. 1990 नंतरच्या आखाती युद्धाच्या धामधुमीत कुटुंब भारतात आलं आणि पोरगं मुंबईत फुटबॉल खेळायला लागलं. मधल्या फळीत खेळायचा. महिंद्रा युनायटेड आणि एअर इंडिया या मुंबईच्या दोन संघांकडून खेळला, भारताच्या संघातही खेळला. कोलकात्याच्या दोन्ही मोठ्या क्लबांची बोलावणी आली होती, पण त्यांच्या जर्सीवर मद्य कंपन्यांची नावं, म्हणून यानं नाही म्हटलं, असं तेव्हा छापून आलं होतं. त्या काळात कोलकात्याला नाही म्हणणं म्हणजे पैशाला आणि नावाला, दोन्हीला नाही म्हणणं. पुढं दुखापती मागं लागल्या. 2007 ला मुंबई एफसी हा नवा क्लब निघाला तेव्हा तो तिथं गेला, पण खेळण्यापेक्षा पोरांना शिकवण्यातच जास्त रमला. 2009 ला क्लबनं इंग्लिश कोच डेव्हिड बूथच्या जागी खालिदला बसवलं. वय 32. या वयात पुष्कळ जण अजून खेळत असतात.

आता मुंबई एफसी म्हणजे काय, हे सांगितलं पाहिजे. आय-लीग ही तेव्हा देशातली पहिल्या क्रमांकाची स्पर्धा. तिच्यात खालच्या क्रमांकाचा संघ खालच्या विभागात ढकलला जातो. मुंबई एफसीकडं पैसा बेताचा. मुंबईचं कूपरेज मैदान दुरुस्तीला गेलं, त्यामुळं काही मोसम "घरचे" सामने पुण्याला बालेवाडीत. घरच्या सामन्याला एक्स्प्रेस वेनं जायचं! असल्या संघाला खालिदनं सात मोसम वर धरून ठेवलं. कधी आठवा, कधी दहावा, पण खाली पडू दिलं नाही. लोक म्हणायचे, हा नुसता बचाव करतो, याचा खेळ पाहायला कंटाळा येतो. खरं आहे, कंटाळा यायचा. मी स्वतः त्यातले काही सामने टीव्हीवर अर्धे सोडून उठलो आहे. पण हातात पाच एकर कोरडवाहू असेल तर माणूस तूर-कपाशीच लावतो, केळीची बाग नाही लावत.

2016 ला क्लबनं त्याला पुन्हा करार दिला नाही.

इथून पुढं जे झालं ते सिनेमात दाखवलं तर लोक म्हणतील जरा जास्तच झालं. खालिद गेला मिझोरामला, ऐझॉल एफसी नावाच्या क्लबाकडं. हा क्लब आदल्याच मोसमात आय-लीगमधून खाली ढकलला गेला होता. पण गोव्याचे डेम्पो, साळगावकर आणि स्पोर्टिंग हे तीन जुने क्लब महासंघाच्या धोरणावर नाराज होऊन स्पर्धेतून बाहेर पडले, जागा रिकाम्या झाल्या आणि ऐझॉलला परत घेतलं गेलं. म्हणजे ज्या संघाला स्पर्धेत असायचंच नव्हतं, त्या संघाचा कोच झाला ज्याला जुन्या क्लबनं ठेवलं नव्हतं तो माणूस. खालिदनं जाताना मुंबईचे काही ओळखीचे खेळाडू सोबत नेले. त्यात आपल्या मुंबईचा जयेश राणे होता, आशुतोष मेहता होता. सीरियाचा अल अमना मधल्या फळीत होता, आणि बाकी मिझोची स्थानिक पोरं. कोलकाता आणि बंगळुरूच्या क्लबांपुढं यांचा पैसा म्हणजे चिमूटभर.

22 एप्रिल 2017 ला ऐझॉलमध्ये मोहन बागानविरुद्ध सामना. शेवटची काही मिनिटं उरली असताना झोमिंगलियाना राल्टे या बचावपटूनं डोक्यानं गोल केला, 1-0. मग 30 एप्रिलला शिलाँगमध्ये लाजोंगशी शेवटचा सामना. हरले असते तर हातचं गेलं असतं. आधी गोल खाल्ला, मग फेडला, 1-1. ऐझॉलचे 37 गुण, मोहन बागानचे 36. ईशान्य भारतातला एखादा क्लब देशाचा लीग विजेता होण्याची ती पहिलीच वेळ.

आणि त्याच मोसमात मुंबई एफसी तळाला जाऊन खालच्या विभागात ढकलली गेली. सात वर्षं जे होऊ दिलं नव्हतं ते हा गेल्यावर पहिल्याच वर्षी झालं. पुढं तो क्लबच गुंडाळला गेला.

ऐझॉलला त्या विजेतेपदाचं काय मिळालं, हेही ऐका. त्याच वर्षी महासंघानं इंडियन सुपर लीगला, म्हणजे पैसेवाल्यांच्या स्पर्धेला, आय-लीगच्या बरोबरीनं राष्ट्रीय लीगचा दर्जा दिला. विजेते ऐझॉल आय-लीगमध्येच राहिले, आणि ती स्पर्धा हळूहळू दुसऱ्या पायरीवर गेली. क्लबनं आंदोलनाची भाषा केली, विनवण्या केल्या, काही झालं नाही. दहावीत जिल्ह्यात पहिला आलेल्या पोराला सांगायचं की बाबा, आता चांगलं कॉलेज गुणांवर नाही, डोनेशनवर आहे. बस तसंच.

खालिद तिथून 2017 ला ईस्ट बंगालला गेला, कोलकात्याची स्थानिक लीग जिंकून दिली, आय-लीगमध्ये चौथा आला. कोलकात्यात चौथा म्हणजे नापास. मग 2019 च्या जानेवारीत मोहन बागाननं अर्ध्या मोसमात त्याला बोलावलं, आधीचा कोच गेला म्हणून. तिथंही मोसम संपल्यावर रामराम. या दोन वर्षांत लिहिण्यासारखं फार काही नाही.

लिहिण्यासारखं आहे ते नॉर्थईस्ट युनायटेडचं. गुवाहाटीच्या या आयएसएल क्लबात खालिद सहायक म्हणून लागला. तिथं त्याला "हंगामी मुख्य कोच" ही पदवी दोनदा मिळाली. एकदा 2020 ला आणि एकदा जानेवारी 2021 ला. हंगामी म्हणजे काय हे आपल्याकडं कोणाला सांगायची गरज नाही. तासिका तत्त्वावरचे सर, मानधनावरच्या ताई, प्रभारी मुख्याध्यापक. काम पूर्ण, खुर्ची अर्धी. 2020-21 चा मोसम सुरू झाला तेव्हा आयएसएलच्या अकराच्या अकरा क्लबांचे मुख्य कोच परदेशी होते. अकराच्या अकरा, राजेहो! स्पर्धेचं नाव इंडियन सुपर लीग.

जानेवारी 2021 ला नॉर्थईस्टनं त्यांचा स्पॅनिश कोच काढला, संघ मधल्या पायऱ्यांवर घुटमळत होता. खालिदला सांगितलं, तू बघ तोवर. यानं लीगचे उरलेले नऊ सामने एकही न हरता काढले, सहा जिंकले, तीन बरोबरीत. संघ तिसरा आला आणि उपांत्य फेरीत गेला. आयएसएलमध्ये कुठल्याही भारतीय कोचनं संघ तिथपर्यंत नेण्याची ही पहिली वेळ. तिथं एटीके मोहन बागाननं दोन सामने मिळून 3-2 नं हरवलं. त्यानंतर क्लबनं त्याला कायम केलं. आयएसएलमध्ये कायमस्वरूपी मुख्य कोच झालेला तो पहिला भारतीय. स्पर्धा सुरू झाली 2014 ला, पहिला भारतीय कायम झाला 2021 ला.

पुढच्याच मोसमात संघ दहावा आला आणि तो गेला. हे लपवण्यात अर्थ नाही. खालिद काही जादूगार नाही. त्याचे संघ चांगल्या वर्षी चिवट असतात आणि वाईट वर्षी नुसतेच रटाळ. मात्र परदेशी कोच दहावा आला की त्याला दुसरा क्लब लगेच विचारतो. हा दहावा आल्यावर खालच्या विभागातल्या एफसी बंगळुरू युनायटेडकडं गेला, म्हणजे पुन्हा पहिल्या पायरीवर. मग 2023 चं वर्ष संपता संपता जमशेदपूर एफसीची घसरगुंडी झाली, त्यांचा इंग्लिश कोच गेला, आणि फोन कोणाला? खालिदला.

जमशेदपूरला त्याला एक अख्खा मोसम, सुरुवातीपासून, मिळाला. 2024-25 ला संघ लीगमध्ये पाचवा आला, बाद फेरीत आपल्याच जुन्या नॉर्थईस्ट युनायटेडला 2-0 हरवलं, उपांत्य फेरीत मोहन बागानला पहिल्या सामन्यात 2-1 नं पाडलं, दुसऱ्यात 0-2 झाला. सुपर कपच्या अंतिम सामन्यापर्यंतही गेला, तिथं एफसी गोवानं 3-0 हरवलं. महासंघाचा सर्वोत्तम कोचचा पुरस्कार त्याला लागोपाठ दोन वर्षं मिळाला.

आता राष्ट्रीय संघाकडं येतो. खालिदच्या आधी भारताचा शेवटचा देशी मुख्य कोच होता गोव्याचा साव्हियो मेदेरा, 2011-12 ला. त्यानंतर डच विम कोव्हरमान्स, इंग्लिश स्टीफन कॉन्स्टंटाइन, क्रोएशियाचा इगोर स्टिमाच, स्पेनचा मानोलो मार्केझ. बारा-तेरा वर्षं सलग बाहेरचे. त्यात कॉन्स्टंटाइननं संघ 2019 च्या आशिया कपला नेला, हे मान्य केलं पाहिजे. स्टिमाचला पाच वर्षं मिळाली. जानेवारी 2024 च्या आशिया कपमध्ये त्याचा संघ ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान, सीरिया या तिघांकडूनही हरला, एकही गोल न करता. जूनमध्ये त्याला काढलं, भांडण झालं आणि शेवटी तडजोड म्हणून महासंघानं त्याला 4 लाख डॉलर देण्याचं कबूल केलं. काढण्यासाठी दिलेले पैसे हे! ठेवण्यासाठी दिलेले वेगळे. मार्केझ त्याच वेळी एफसी गोवाचाही कोच होता, म्हणजे भारताचं काम जोडधंदा. त्याच्या आठ सामन्यांत एक विजय, तोही मालदीवविरुद्ध. आशिया कपच्या पात्रता फेरीत मार्च 2025 ला शिलाँगमध्ये बांगलादेशाशी 0-0, जूनमध्ये हाँगकाँगकडून 0-1. दोन सामने, एक गुण. मग तोही गेला.

आणि त्याच वेळी घराचं छप्पर उडालं. आयएसएल चालवणाऱ्या कंपनीशी महासंघाचा 2010 पासूनचा करार डिसेंबर 2025 ला संपत होता. या करारातून महासंघाला वर्षाला 50 कोटी मिळायचे. नवीन करार ठरेना. जुलैत आयएसएलच थांबवली गेली. काही क्लबांनी पहिल्या संघाचं काम बंद केलं, खेळाडूंचे पगार अडकायची वेळ आली. तिजोरीत खडखडाट, लीग बंद, संघ गटात तळाला, क्रमवारीत भारत 133 वा.

अशा वेळी कोचच्या जागेसाठी 170 अर्ज आले. शेवटच्या तिघांत कॉन्स्टंटाइन, स्लोव्हाकियाचा स्टेफान तार्कोविच आणि खालिद. निवड झाली खालिदची. पेपरांनी लिहिलं, तेरा वर्षांनी भारतीयाला मान मिळाला. मला तेव्हाही ते तितकंसं गोड लागलं नाही. मान मिळाला, पण कधी? सात वर्षं मुंबई एफसी, मग ऐझॉल, मग दोनदा हंगामी, मग जमशेदपूर आणि आता भारत. प्रत्येक ठिकाणी तोच प्रकार. घर गळायला लागलं, वरचा महागडा कारागीर निघून गेला, की घरच्या मिस्त्रीला हाक. आणि पावसाळा संपायच्या आत छत कोरडं पाहिजे.

तरीही सुरुवातीला त्यानं कोरडं करून दाखवलं. ऑगस्टअखेर मध्य आशियात सीएएफए नेशन्स कप होता, आपण पाहुणे. मोहन बागाननं शिबिरासाठी आपले खेळाडू सोडलेच नाहीत. लीग बंद असल्यानं बाकीच्यांचे पायही थंड. सुनील छेत्री संघात नव्हता. ताजिकिस्तानला त्यांच्याच घरी 2-1 हरवलं, इराणकडून 0-3 हरलो, अफगाणिस्तानशी 0-0. मग 8 सप्टेंबरला तिसऱ्या क्रमांकासाठी ओमानशी, जो क्रमवारीत आपल्यापेक्षा पन्नासएक जागा वर. 1-1, आणि पेनल्टी शूटआऊटमध्ये 3-2 नं आपण जिंकलो. त्या रात्री सगळ्यांना देशी कोच फार आवडला होता. त्या दिवशीचे मेसेज मी मुद्दाम शोधून पाहिले, आमच्या ग्रुपवर तिरंगे होते.

ऑक्टोबरात सिंगापूरशी दोन सामने. तिकडं शेवटच्या मिनिटांत रहीम अलीच्या गोलनं 1-1. इकडं मडगावात छांगतेनं आधी गोल केला आणि तरी 1-2 हरलो. आशिया कप 2027 चं दार तिथंच बंद झालं. मडगावची हार खालिदच्या खात्यात घालायलाच हवी. आघाडी घेतल्यावर संघ मागं मागं सरकत गेला, तोच त्याचा मुंबई एफसीचा जुना स्वभाव. सात वर्षं जीव वाचवायला शिकलेला माणूस संधी आली तरी आधी जीवच वाचवतो, असं मला वाटतं. पण पाच सामन्यांतले पहिले दोन त्याचे नव्हते, आणि त्याच्या तिन्ही सामन्यांच्या वेळी देशात लीगच चालू नव्हती, हेही त्याच पानावर लिहावं लागेल. मग आला ढाका.

आता माझा मुद्दा. खालिदला ठेवा की काढा, हा महासंघाचा प्रश्न आहे. मला त्यापेक्षा मोठी काळजी वाटते ती ही, की खालिदसारखा दुसरा तयार होईल कुठून?

त्याची शिडी बघा. महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया, मुंबई एफसी. महिंद्रानं 2010 ला संघ बंद केला. हा काही हरणारा संघ नव्हता, 2005-06 ला राष्ट्रीय लीग जिंकलेला संघ होता. एअर इंडिया 2013 ला आय-लीगबाहेर गेली, निकष पूर्ण होत नाहीत म्हणून, आणि तिच्यासोबत ओएनजीसी. मुंबई एफसीचं वर सांगितलंच. पंजाबातली जेसीटी मिल 2011 ला बाहेर पडली. या संघांत खेळणाऱ्या पोराला नोकरी असायची, पगार असायचा, गुडघा गेला तर टेबल मिळायचं, आणि संध्याकाळी ज्युनियर पोरांना शिकवत शिकवत तो कोच व्हायचा. कंपनीचं गेट बंद झालं की नुसते मजूर जात नाहीत, तिथली शिकवणी जाते. अचलपूरच्या फिनले मिलचं बंद गेट रोज पाहणाऱ्यांना मी हे काय समजावून सांगू? सूत काढणारा म्हातारा घरी बसला, की त्याच्या हाताखाली शिकणारंही कोणी उरत नाही.

पूर्वी खेळाडूला कोच व्हायला पोटाची सोय होती. आता कोच व्हायचं तर परवाने लागतात. आधी डी, मग सी, बी, ए आणि शेवटी प्रो. खालिदकडं प्रो आहे. हे परवाने चांगलेच आहेत, अडाण्यानं पोरांचे गुडघे बिघडवू नयेत. पण प्रत्येक पायरीला फी, दुसऱ्या गावी राहणं, जेवण आणि बुडालेली मजुरी. क्लबात नोकरी असलेल्या मुंबईच्या खेळाडूला ते जमलं. परतवाड्यातल्या पोराला ते कोणी द्यायचं? शाळेत खेळाच्या सरांची जागा रिकामी झाली की तो तास गणिताच्या सरांकडं जातो आणि पोरं वर्गात बसून बेरजा करतात, हे तुम्हीही पाहिलं असेल. पोराला मैदानावर पहिला चेंडू देणारा माणूसच नसेल, तर शंभर अर्जांतून बाहेरचा कोच निवडून आणा, तो शिकवणार कोणाला?

रहीम मास्तर शाळेतून आले होते. त्यांच्या हाताखालचे पी. के. बॅनर्जी पुढं स्वतः भारताचे कोच झाले. एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात जाणारी ती वस्तू होती. खालिदच्या हातून पुढं कोणाकडं जाते ते पाहायचं. ऐझॉलला त्यानं नेलेली मुंबईची पोरंही आता वयानं थोराड झाली, त्यांच्यातलं कोणी शिट्टी गळ्यात अडकवतं का बघू.

एक विचारायचं होतं. आपल्या अचलपूर तालुक्यात फुटबॉलचा डी परवाना काढलेला कोणी मुलगा किंवा मुलगी आहे का? किंवा हनुमान आखाड्यातून शिकून आलेले, आता निवृत्त झालेले कोणी सर, ज्यांना संध्याकाळी तासभर वेळ आहे? असतील तर मला मेसेज करा. आमच्या भागात साडेपाच वाजता वीस-बावीस पोरं मैदानावर येतात. त्यांच्याकडं दोन चेंडू आहेत, त्यातला एक हवा धरत नाही. गोलपोस्टच्या जागी विटा ठेवतात. परवान्याची फी किती लागते ते कोणी नीट सांगितलं तर आम्ही चार-पाच जण मिळून एकाचा खर्च उचलू, एवढं बोलणं झालेलं आहे.